‘फिनॉमिनल’ : दिसणारे आणि असणारे



लातूरच्या ट्यूशन एरियातून किंवा नांदेडच्या एखाद्या मोठ्या चौकातून जाताना मान वर केली की गुणवंतांचे फलक दिसतात. ओळीने लावलेले लहान लहान चेहरे, प्रत्येकाखाली त्याचे गुण, आणि सगळ्यांच्या वर ठळक अक्षरांत एखादे विशेषण. पूर्वी ‘उज्ज्वल यशाची परंपरा’ असे लिहीत. आता ‘फिनॉमिनल रिझल्ट’ असे वाचायला मिळते. हाच शब्द क्रिकेटच्या समालोचनात येतो, मोबाइलच्या जाहिरातीत येतो, आणि नाताळात आपल्या तरुणांनी सजवलेला गाईचा गोठा पाहूनही कोणीतरी म्हणतेच, “फादर, एकदम फिनॉमिनल झालाय!”

शब्द सैलपणे वापरला म्हणून कोणी पापी होत नाही. पण आज प्रभुप्रकटीकरणाचा सण आहे आणि या शब्दाचे या सणाशी जवळचे नाते आहे. म्हणून आज त्यावर थोडा विचार करू. वरवर हा भाषेचा विषय वाटेल. त्याच्या आत मात्र एक प्रश्न आहे, जो आपल्या घराघरांत रोज उभा राहतो: जे डोळ्यांत भरते तेच मोठे असते का?

शब्दाचे घराणे

‘फिनॉमिनल’ या शब्दाच्या मुळाशी एक ग्रीक क्रियापद आहे. त्याचा अर्थ दिसणे, प्रकाशणे, प्रकट होणे. जे दिसते ते ‘फिनॉमेनन’. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत या शब्दात नवलाचा लवलेशही नसतो. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुख्य ग्रंथात हा शब्द फार काटेकोरपणे वापरला. आपल्या इंद्रियांना आणि बुद्धीला जग जसे भासते ते एक, आणि वस्तू स्वतःमध्ये मुळात जशी आहे ती दुसरी, असा भेद त्यांनी केला. या अर्थाने आपल्या दारातला कडुनिंब, हातातला चहाचा कप, शेजारच्या घरातून येणारा फोडणीचा वास हे सगळेच फिनॉमिनल. म्हणजे फक्त ‘इंद्रियांना जाणवणारे’.

मग ‘जाणवणारे’ या साध्या अर्थाचा ‘असामान्य’ कसा झाला? धूमकेतू, ग्रहण, उल्कापात अशा नोंद घेण्यासारख्या घटनांना अभ्यासक ‘फिनॉमेनन’ म्हणत. सामान्य माणसाच्या लक्षात शब्दाबरोबर धूमकेतूच राहिला, आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत ‘फिनॉमिनल’ म्हणजे नवलाचा, विलक्षण, असा अर्थ रुळला. हेन्री फाउलर या भाषातज्ज्ञाने १९२६ सालच्या आपल्या प्रसिद्ध कोशात यावर कडक नाराजी नोंदवली. तत्त्वज्ञानाचा एक उपयोगी शब्द नको त्या कामाला जुंपला, असे त्याचे म्हणणे. पण हा बदल आता मागे फिरणार नाही हेही त्याला कळत होते. आज आपल्या चौकातले फलक पाहिले की त्याचे खरे ठरले असे म्हणावे लागते.

हे ग्रीक मूळ आपल्यालाही परके नाही. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की ते आणि संस्कृतातील ‘भा’ हा धातू एकाच घरचे. ‘भा’ म्हणजे प्रकाशणे. त्यापासून प्रभा आणि प्रतिभा हे शब्द आले, भानु आणि भास्कर आले. आणि त्याच परिवारातून ‘भास’ आणि ‘आभास’ही आले. ग्रीकमध्येही तसेच झाले. त्या एका मुळापासून प्रकटीकरणाचा ‘एपिफनी’ हा शब्द आला आणि कल्पनेच्या खेळाचा ‘फँटसी’ हाही आला. दोन दूरच्या भाषांनी एकच अनुभव जपून ठेवला आहे: प्रकाशात सत्य उघड होते आणि प्रकाशानेच डोळे दिपतात. आपल्या गावातली म्हातारी माणसे तेच थोडक्यात सांगतात, दिसते तसे नसते म्हणून जग फसते.

हेरोदाला काय पाहिजे होते

आजच्या शुभवर्तमानात हा शब्द प्रत्यक्ष आला आहे. मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात हेरोद राजा पूर्वेकडील ज्ञानी लोकांना गुपचूप बोलावतो आणि तारा दिसू लागल्याची नेमकी वेळ विचारून घेतो. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘दिसणारा तारा’ यासाठी ‘फायनोमेनन’ याच शब्दाचे रूप आहे. म्हणजे हेरोदाची सगळी चौकशी त्या फिनॉमेननविषयी आहे. तो कधी दिसला, किती दिवस झाले, आपल्या गादीला त्यापासून धोका किती. तारा त्याला हवा होता तो हिशेबासाठी.

ज्ञानी लोकांनीही तोच तारा पाहिला होता. पण त्यांनी त्याच्या मागे चालायचे ठरवले. ताऱ्याने त्यांना कुठे नेले? एका घरात. तिथे एक आई होती आणि तिचे बाळ होते. मत्तय त्या घरात कोणताही चमत्कार सांगत नाही. भिंती उजळल्या नाहीत, बाळ बोलू लागले नाही. नवल होते ते वर आकाशात. खाली घरात जे होते ते बेथलेहेमच्या कोणत्याही घरात सापडले असते. तरी त्या शहाण्या माणसांनी गुडघे टेकले ते घरात. ताऱ्यापुढे त्यांनी गुडघे टेकले नाहीत.

इथे आपल्याला पहिले माप मिळते. डोळ्यांत भरणारी गोष्ट वाईट नसते. ती आपल्याला तिच्या पलीकडे घेऊन जाते की स्वतःपाशीच थांबवते, हे पाहायचे असते. कांट म्हणतात की दिसणाऱ्याच्या पलीकडची वस्तू आपल्या ज्ञानाला कधीच गाठता येत नाही. ख्रिस्तसभेच्या तत्त्वपरंपरेत, विशेषतः संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारात, दिसणारे हे असणाऱ्याचा दरवाजा आहे. पौलही रोमकरांस लिहिताना म्हणतो की निर्मिलेल्या वस्तूंवरून अदृश्य परमेश्वराचा बोध होतो. दरवाजा सुंदर असावा. पण कोणी आयुष्यभर दरवाजाच न्याहाळत बसला तर तो घरात कधी जाणार?

लातूर पॅटर्नच्या आत

आता आपल्या चौकातल्या फलकाकडे परत येऊ. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव आज महाराष्ट्रभर माहीत आहे. त्याची सुरुवात लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाशी जोडली जाते. हे महाविद्यालय १९७० साली सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे पुढे १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली मुले गुणवत्ता यादीत झळकू लागली तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांना नवल वाटले. या यशाचे गुपित काय, असे जो तो विचारू लागला.

गुपित फार साधे होते. वेळेवर तास घ्यायचे, जादा वर्ग भरवायचे, प्रश्नसंच पुन्हा पुन्हा सोडवून घ्यायचे, सतत चाचण्या घ्यायच्या, उत्तरपत्रिका तपासून मुलाला त्याची चूक दाखवायची. यातले एकही काम फलकावर लिहिण्यासारखे नाही. ज्या निकालाला आपण फिनॉमिनल म्हणतो तो शेकडो कंटाळवाण्या दुपारींनी घडवलेला असतो. म्हणून त्या शिक्षकांचा आणि मुलांचा आम्हाला आदर वाटतो. मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या मुलाला डॉक्टर होता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

पण फलकावर कंटाळवाणी दुपार दिसत नाही. तिथे फक्त आकडा दिसतो. आणि त्या आकड्याने माणूस मोजायची सवय चौकातून घरात शिरते. आम्ही कुटुंबांना भेटी देतो तेव्हा एक वाक्य वेगवेगळ्या घरांत ऐकतो. आई मुलांची ओळख करून देते: “फादर, हा मोठा. नीटची तयारी करतोय. लई हुशार आहे. अन् ही धाकटी... ही साधीच आहे.” ती ‘साधी’ मुलगी तेवढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन येते. बहुधा आजीची औषधे तिलाच पाठ असतात. कधी कधी रविवारी वेदीवरची फुलेही तीच लावते. आईच्या मनात वाईट काही नसते. पण मुलीने ते वाक्य ऐकलेले असते आणि पाहुणा आला की ती ते पुन्हा ऐकते.

मोठ्याचेही सुख फार नसते. एका खोलीत चौघे, डब्याचे जेवण, भिंतीवर वेळापत्रक, आणि गावी बापाने काढलेले कर्ज. या वर्षी गुण कमी पडले तर आपण कोण, या प्रश्नाचे उत्तर त्याला कोणी शिकवलेले नसते. फलकावर एका चेहऱ्याला जागा मिळते तेव्हा कितीतरी चेहऱ्यांना ती मिळत नाही. ती मुलेही त्याच वर्गात बसली होती, त्याच दिव्याखाली जागली होती. त्यांच्या मोलाविषयी आपण काय बोलतो, यावर त्यांचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. काही वेळा तर जगणेही अवलंबून असते.

रोजच्या गोष्टीचे नवल

संत ऑगस्टीन यांनी योहानाच्या शुभवर्तमानावर प्रवचने केली. पाच हजारांच्या भोजनाविषयी बोलताना ते एक मार्मिक गोष्ट सांगतात. पाच भाकरींत पाच हजार जेवले याचे लोकांना नवल वाटते. पण मूठभर दाण्यांतून परमेश्वर दरवर्षी शेतेच्या शेते उभी करतो आणि जगाला जेवू घालतो, याचे कोणाला काही वाटत नाही. दुसरे काम पहिल्यापेक्षा लहान नाही. ते रोजचे आहे, एवढाच फरक. ऑगस्टीन यांचे म्हणणे असे की आपण मोठेपणाला दाद देत नाही, दुर्मिळपणाला देतो.

आपल्याकडे तुरीचे आणि सोयाबीनचे शेत ज्याने वाढताना पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. आणि शहरातल्या माणसाला २०१६ सालच्या उन्हाळ्याने ते शिकवले. मांजरा धरण कोरडे पडले आणि त्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ नावाची रेल्वे पाणी घेऊन लातूरला आली. पहिल्या गाडीत दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ती गाडी पाहायला माणसे जमली, छायाचित्रे निघाली, देशभर बातमी झाली. घटना खरोखरच विलक्षण होती. पण पाणी तेच होते. नळाला यायचे तेव्हा त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. रेल्वेने आले तेव्हा ते नवल झाले.

किल्लारीचा प्रश्न

इथपर्यंत विचार सोपा आहे. आता एक कठीण जागा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. दगडमातीची जाड भिंतींची घरे झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली आणि हजारो माणसे गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या दिवसांत मंगरूळ गावात ढिगारा उपसणाऱ्या लष्करी जवानांना सुमारे पाच दिवसांनी एक लहान मुलगी जिवंत सापडली. सगळ्या देशाने त्याला चमत्कार म्हटले. ते म्हणणे स्वाभाविक होते.

पण त्याच गावात ज्या आईचे लेकरू सापडले नाही तिने हा शब्द कसा ऐकला असेल? एक मूल वाचले याला आपण देवाची विशेष कृपा म्हटले, तर बाकीच्या मुलांवर ती नव्हती असे आपोआप म्हटले जाते. असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही, कोणालाच नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण ठार झाले तेव्हा मेलेले अधिक पापी होते का, असा विषय निघाला. येशूने तो तर्क साफ नाकारला, हे लूकने तेराव्या अध्यायात लिहून ठेवले आहे. वाचलेल्या मुलीसाठी उपकार मानावेत, मनापासून मानावेत. पण देवाचे प्रेम कोणावर किती, हे दिसणाऱ्या घटनेवरून मोजू नये. क्रुसावर त्याच्या पुत्राला कोणी वाचवले नाही. खाली उतरून दाखव, मग विश्वास ठेवू, असे म्हणणाऱ्यांना फिनॉमिनल काहीतरी हवे होते. त्यांना ते मिळाले नाही. आपले तारण मात्र तिथेच झाले.

दिवा लपवावा का?

कोणी म्हणेल, “फादर, मग मुलांनी चमकूच नये का? प्रभूनेच सांगितले ना, दिवा मापाखाली ठेवू नका?” आक्षेप बरोबर आहे. डोंगरावरील प्रवचनात पाचव्या अध्यायात येशू सांगतो की तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या. आणि पुढच्याच अध्यायात बजावतो की दानधर्म, प्रार्थना आणि उपवास लोकांनी पाहावे म्हणून करू नका. ढोंगी माणसे लोकांना ‘दिसावे’ म्हणून चौकात उभी राहून प्रार्थना करतात, असे तो म्हणतो. तिथेही मूळ ग्रीकमध्ये त्याच मुळाचे क्रियापद आहे.

मग दोन्ही एकदम कसे पाळायचे? दिव्याचेच उदाहरण घ्या. लोडशेडिंगच्या रात्री कंदील लावला की आपण कंदिलाकडे पाहत बसत नाही. त्याच्या उजेडात पोर अभ्यास करते, आई भाकरी थापते, आजोबांना चष्मा सापडतो. दिवा स्वतःला दाखवत नाही, दुसऱ्याला दाखवतो. ज्याची बुद्धी तल्लख आहे त्याने ती जरूर चमकवावी, पण तिच्या उजेडात कोणाचे तरी भले व्हावे. येशूच्या वाक्याचा शेवटही तसाच आहे. लोकांनी तुमची सत्कर्मे पाहून तुमच्या स्वर्गीय पित्याला गौरव द्यावा, म्हणून प्रकाश पडू द्यायचा आहे.

ख्रिस्तसभा कोणाला संत म्हणून घोषित करण्यापूर्वी त्याच्या मध्यस्थीने झालेले चमत्कार तपासते हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याआधी ती त्याच्या सद्गुणांची तपासणी करते, हे फार थोडे लक्षात घेतात. बाळ येशूची संत तेरेजा १८८८ साली पंधराव्या वर्षी लिझ्यूच्या कार्मेल मठात गेली आणि १८९७ साली चोविसाव्या वर्षी तिथेच वारली. कपडे धुणे, झाडलोट, चिडखोर सहभगिनीशी गोड बोलणे, यापलीकडे तिच्या दिवसांत फारसे काही नव्हते. हिच्या मृत्यूनंतर हिच्याविषयी लिहिणार तरी काय, असे एक सहभगिनी म्हणाली होती असे सांगतात. १९२५ साली तिला संतपद मिळाले आणि १९९७ साली ख्रिस्तसभेची आचार्या हा मान मिळाला. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली पवित्रतेवर लिहिलेल्या पत्रात शेजारच्या घरात राहणाऱ्या संतांचा गौरव केला. लेकरांना मायेने वाढवणारे आईबाप, घर चालवण्यासाठी राबणारे हात, दुखणे सोसूनही हसणारी माणसे अशांचा.

आपल्या शेजाऱ्यांकडूनही शिकण्यासारखे आहे. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात डोळे दिपवणारे पुष्कळ आहे. पण तिथे जोडाघरात अनोळखी माणसांच्या चपला हातात घेऊन नीट ठेवणारे सेवेकरी एकदा पाहा. त्यांच्या कामाचा फलक कोणी लावत नाही, आणि त्यांना तो नको असतो.

‘भारी’ म्हणजे काय

शेवटी आपल्याच बोलीतला एक शब्द. मराठवाड्याच्या पोराला खरोखर काही आवडले तर तो ‘फिनॉमिनल’ म्हणत नाही, ‘लई भारी’ म्हणतो. आम्हाला हा शब्द अधिक खरा वाटतो. भारी म्हणजे वजनदार. जे दिसते ते फिनॉमिनल, आणि जे तोलल्यावर भरते ते भारी. पवित्र शास्त्रातही असेच आहे. जुन्या करारात देवाच्या गौरवासाठी ‘कबोद’ हा हिब्रू शब्द येतो आणि त्याच्या मुळाशी जडपणाचा, वजनाचा अर्थ आहे. पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आपल्याला मिळणाऱ्या गौरवाच्या भाराविषयी बोलतो. आणि लगेच पुढे सांगतो की आपले लक्ष दिसणाऱ्या गोष्टींकडे नाही, कारण त्या थोड्या काळाच्या आहेत. न दिसणाऱ्या गोष्टी सनातन आहेत.

प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण झाला की उपासनेत ‘सामान्य काळ’ सुरू होतो. तारणाचे पुष्कळसे काम या हिरव्या झग्याच्या, सण नसलेल्या रविवारांतच होत असते. येशूनेही तीसेक वर्षे नाझरेथात अशीच काढली.

म्हणून या आठवड्यात प्रत्येक घराने एक करावे. रात्री जेवताना प्रत्येकाने घरातल्या दुसऱ्या कोणाचे तरी न दिसणारे एक काम मोठ्याने सांगावे आणि त्याचे आभार मानावेत. ज्यांच्या घरी ‘साधी’ म्हणून ओळख करून दिली जाणारी मुलगी आहे किंवा मुलगा आहे, त्यांनी सुरुवात तिच्यापासून करावी, त्याच्यापासून करावी. आणि पुढच्या वेळी घरी पाहुणा आला की ओळख करून देताना गुण सांगू नयेत, नाव सांगावे. बाप्तिस्म्याच्या वेळी परमेश्वरासमोर आपण तेवढेच सांगितले होते, आणि त्याने लेकरू आपले म्हणून घेतले.

हे प्रभो, ज्ञानी लोकांना तू तारा दाखवलास आणि घरापर्यंत आणलेस. आम्हालाही आमच्या घरापर्यंत आण आणि तिथे तू कोणाच्या रूपात बसला आहेस ते दाखव. आमेन.